घोरपडीची जुनी जखम महिनोन् महिने भरत का नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची कापणी चालू असताना धुऱ्यावर कुत्र्यांनी घेरलेली घोरपड तुमच्या वडिलांनी सोडवून घरी आणली. शेपटीचा शेंडा तुटला होता, मागच्या उजव्या पंजाला चावा होता. तेव्हापासून ती कोठ्यात जाळीच्या पिंजऱ्यात आहे. वडील रोज हळद-तेल लावतात. जखमेवर खपली धरते, निघते, पुन्हा धरते. आता जानेवारीत तिच्या जबड्याखाली सुपारीएवढी टणक गाठ आली आहे, शेपटीचं टोक काळं पडत वर सरकतंय, आणि आतापर्यंत अंडी नि बोनलेस चिकन खाणारी घोरपड पंधरा दिवसांपासून कशालाच तोंड लावत नाही. "पण ती माणसाळली आहे, लेकरं हात लावतात तरी फुसकारत नाही," असं तुम्ही लिहिलंय. विचारलंय हे, की मलम कोणतं लावावं, शेपूट पुन्हा फुटेल का, आणि आता सोडली तर जगेल का.

मी पशुवैद्यक आहे. गाई-बैल-शेळ्या हे रोजचं काम; वनविभागाची माणसं जखमी साप, कासवं, घोरपडी आणतात तेव्हा त्यांनाही बघतो. जनावर हातात न घेता काही गोष्टी ठरवता येत नाहीत, त्या जिथे येतील तिथे तसं स्पष्ट सांगेन. पण तुमच्या पत्रातली मलमापेक्षा मोठी गोष्ट मला त्या 'माणसाळली'मध्ये दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

धडधाकट रानटी घोरपड माणूस जवळ आला की गळा फुगवते, मोठ्याने फुसकारते, शेपटीचा फटका मारते आणि जीभ सारखी आतबाहेर करत अंदाज घेते. ज्या घोरपडीने पहिले कित्येक दिवस हे सगळं केलं आणि आता लेकरांनी पाठीवर हात ठेवला तरी डोळे अर्धे मिटून पडून राहते, तिच्यात प्रतिकार करायची ताकद उरलेली नाही. माझ्याकडे अशी जनावरं येतात तेव्हा आणणारा हमखास सांगतो, "साहेब, गरीब आहे बिचारी, काही करत नाही." टेबलावर शेपटीचा फटका बसला की मला बरं वाटतं. गप्प पडलेल्या घोरपडीची काळजी वाटते. तुमची घोरपड थंडीने गारठली आहे आणि बहुधा आजारीही आहे. या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या तरी सरपटणाऱ्या प्राण्यात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

गाईच्या, कुत्र्याच्या अंगात स्वतःची उष्णता तयार होते. घोरपडीच्या अंगात ती पुरेशी तयार होत नाही, बाहेरून घ्यावी लागते. उन्हात शेकून ती अंगाचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास नेते आणि मग शिकार, पचन, जखम भरणं, जंतूंशी झुंजणं ही सगळी कामं नीट चालतात. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा 10-12 अंशांवर येतो. रानातली घोरपड अशा दिवसांत बिळात, वारुळात किंवा झाडाच्या ढोलीत पडून राहते आणि ऊन तापलं की बाहेर येते. तुमची घोरपड कोठ्याच्या सावलीत, सिमेंटच्या गार फरशीवर आहे. तिला ऊनही नाही आणि बीळही नाही. अशा अंगात पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचायलाच उशीर होतो, नवी कातडी सरकत नाही, औषधसुद्धा अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. जंतू मात्र या थंडीतही हळूहळू आपलं काम चालू ठेवतात. म्हणून ऑक्टोबरात झालेली जखम जानेवारीतही 'जुनी' न होता तशीच उघडी राहिली. परदेशात सवाना मॉनिटरसारख्या घोरपडी पाळणारे लोक शेकायच्या जागेचं तापमान 50 अंशांच्या पुढे ठेवतात ते याचसाठी. नुसते तिथले व्हिडिओ बघून मलमाचं नाव उचललं आणि उष्णतेचा भाग सोडला, तर हाती काही लागत नाही.

जखम भरायला लागणारा वेळही आपण जनावरांवरून ताडतो आणि फसतो. शेळीला टाके घातले तर दहा-चौदा दिवसांत काढतो. सरपटणाऱ्या प्राण्यात तेच टाके चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त ठेवावे लागतात. उघड्या जखमेवर आधी घट्ट खपली येते आणि तिच्या खालून नवी कातडी कडेकडून मधे सरकते. ती खपली हीच त्या जखमेची पट्टी. रोज हळद-तेल चोळताना ती सुटते आणि खालचं नाजूक काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वडिलांनी मायेनेच केलं, हे मला दिसतंय. हळदीत जंतू रोखायचा गुण आहे हेही खरं. पण तेलात कालवलेल्या हळदीचा थर खवल्यांच्या फटीत बसतो, त्यावर धूळ नि कोठ्यातला कचरा चिकटतो, आणि खाली ओल साचते. आजपासून ते बंद करा. ढोरांच्या जखमेत किडे पडले की आपण टर्पेंटाइन, फिनाइल, डांबरगोळीची पूड वापरतो. त्यातलं काहीही घोरपडीला लावायचं नाही. कातडीतून शोषलं जाऊन ते तिला थेट मारू शकतं. किडे असतील तर चिमट्याने एकेक वेचून काढायचे आणि सलाईनने धुवायचं, दुसरा सोपा मार्ग नाही.

आता ती गाठ. तुमच्या पूर्ण वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. गाईच्या अंगावर गळू आलं की ते पिकतं, मऊ पडतं, फुटतं, पू वाहून जातो आणि पोकळी भरून येते. घोरपडीत असं घडत नाही. तिच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारे घटक कमी असतात, त्यामुळे पू घट्ट, कोरडा होतो आणि शरीर त्याच्याभोवती जाड पिशवी बांधतं. चिरा दिला की वाहून काही येत नाही. आतून पिवळट पांढरा गोळा निघतो, बोटात दाबला तर सुक्या खव्यासारखा तुटतो. म्हणून शेक देऊन, पोटीस बांधून किंवा सुईने टोचून ही गाठ जात नाही. नीट भूल देऊन ती पिशवीसकट काढावी लागते, पोकळी आतून खरवडून धुवावी लागते, आणि बऱ्याचदा तोंड उघडं ठेवून आतून वर भरू द्यावं लागतं. पिशवीचा तुकडा राहिला तर काही महिन्यांत गाठ पुन्हा त्याच जागी दिसते.

जबड्याखाली ती आली कशी, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण एक शक्यता दाट आहे. रानटी घोरपड जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली की बाहेर पडायला ती तासन् तास नाक जाळीवर घासते. नाकाचं टोक सोलतं, हिरड्यांना इजा होते, तिथून जंतू आत शिरतात आणि जबड्यात मुरतात. तुम्ही हे करून बघा: तिच्या वरच्या ओठाची कड बाजूने नीट निरखा. खवले घासून गुळगुळीत झालेत का, ओठाच्या फटीत पिवळट चिकट थर दिसतो का, तोंड पूर्ण मिटतं का? यातलं काही असेल तर दुखणं तोंडाच्या आत आहे, गाठ हा त्याचा बाहेर दिसणारा भाग आहे, आणि ती न खाण्याचं कारणही कदाचित तेच आहे. मात्र तोंड जबरदस्तीने उघडू नका. तिची पकड सहजी सुटत नाही.

शेपटीबद्दल सरळ सांगतो: पुन्हा फुटणार नाही. घरातली पाल, सापसुरळी यांच्या शेपटीच्या मणक्यांत तुटायच्या ठरलेल्या जागा असतात. त्या शेपूट सोडतात आणि नवी येते. घोरपडीला ती सोय नाही. तिची तुटलेली शेपूट तशीच राहते. काळं पडणं वर सरकतंय याचा अर्थ पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद झाला आहे आणि मेलेला भाग वाढतो आहे. टोक कोरडं, कडक आणि काळ्या-जिवंत भागांमधली रेष ठाम असेल तर थोडा वेळ मिळतो. ओल, वास किंवा रेषेच्या वरच्या बाजूला सूज असेल तर वेळ नाही. दोन्ही प्रकारांत उपाय एकच, जिवंत मांसापर्यंत मागे येऊन शेपूट कापणं. ऐकायला क्रूर वाटतं, पण नीट कापलेला बुंधा भरून येतो. आखूड, बोथट शेपटीच्या आणि अंगाने भरलेल्या घोरपडी मी शेतांत पाहिल्या आहेत. झाडावर चढताना आणि मार देताना त्यांचं नुकसान होतं, पण त्या जगतात.

पंजाचं जरा गुंतागुंतीचं आहे. कुत्र्याच्या चाव्यात वरून दोन बारीक भोकं दिसतात आणि खाली हाड चिरडलेलं असतं. हाड दुखावलं असेल तर वरची कातडी कितीदाही मिटली तरी आतून पुन्हा फुटते; तुमची खपली वारंवार निघण्यामागे हळद चोळण्याखेरीज हेही कारण असू शकतं. एक्स-रे शिवाय ते कळणार नाही. एक्स-रेतही सरपटणाऱ्या प्राण्याचं जुळलेलं हाड महिनोन् महिने अर्धवटच दिसतं, तेव्हा बघणारा सवयीचा हवा. बोटांवर जुन्या कातीचे कडक वळे राहिलेत का तेही बघा. घोरपडीची कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, आणि जुन्या व्रणावर खवले नीट उमटलेले नसल्याने तिथली कात अडकते. एकावर एक असे वळे साचले की बोट आवळून सुकतं. कोमट पाण्याने भिजवून मऊ पडलं तरच सोडवायचं, कोरडं ओढायचं नाही. व्रण पूर्ण भरल्यावरही ही अडचण प्रत्येक कातीला येऊ शकते. एकदा मोठी जखम झालेल्या घोरपडीच्या अंगावर ती जागा कायम वेगळी दिसते, गुळगुळीत, नक्षी नसलेली.

(जाता जाता एक: सांध्यांवर, बोटांच्या पेरांवर टणक फुगवटे असतील तर प्रत्येक वेळी ती जुनी इजा असेलच असं नाही. पाणी कमी आणि मांस भरपूर मिळत राहिलं की मूत्रपिंड थकतं आणि युरिक ॲसिड सांध्यांत साचतं. डॉक्टरांना हे आवर्जून बघायला सांगा.)

खाण्यावरून हे लक्षात आलं. रानातली घोरपड भुंगे, किडे, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी असं अख्खं भक्ष्य गिळते, हाडा-कवचासकट. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. ते महिनोन् महिने चालू राहिलं, त्यात ऊनही नाही, की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. हाडं मऊ पडतात, जबडा लवचिक होतो, पाय थरथरतात. अशा जनावराची जुनी मोड कशी जुळणार? तरीही आता घाईने चिकन कोंबू नका. गार अंगात अन्न पचत नाही, पोटातच सडतं. शेपटीचं मूळ बघा, चरबी तिथे साठते. ते गोल भरीव असेल तर आणखी काही दिवस न खाल्ल्याने धोका नाही. कंबरेची हाडं वर आली असतील, डोळे खोल गेले असतील, तर आधी उष्णता, मग पाणी, आणि अन्न त्यानंतर.

औषधांबद्दल मी इथे नावागणिक डोस देणार नाही, आणि कोणी दिला तर तुम्ही वापरू नका. डोस वजनावर, अंगाच्या तापमानावर आणि ती किती सुकली आहे यावर ठरतो. उदाहरणादाखल, सेफ्टाझिडाइम हे प्रतिजैविक आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांना दोन-तीन दिवसांतून एकदा देतो, कारण त्यांच्या अंगातून ते बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. माणसाच्या हिशेबाने दिवसातून तीनदा दिलं तर काय होईल याची कल्पना करा. जेंटामायसिनसारखी औषधं सुकलेल्या घोरपडीची मूत्रपिंडं निकामी करतात. मागच्या पायांतलं रक्त हृदयाकडे जाताना मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, म्हणून इंजेक्शन शक्यतो पुढच्या भागात देतात. ढोरांच्या डॉक्टरांकडे नेलंत तर संकोच न करता हे सगळं विचारा, चांगला डॉक्टर वाईट वाटून घेणार नाही. घरातली दुखण्याची गोळी तर नकोच.

म्हणजे आतापर्यंत असं झालं: मलमाने सुटणारं यात फारसं काही नाही. गाठ काढायला हवी, शेपूट कापावी लागेल, पंजाचा एक्स-रे हवा, आणि या सगळ्यात जनावर उबेला ठेवायला हवं. हे कोठ्यात होणार नाही. इथे कायद्याचा मुद्दाही येतो, आणि तो मी टाळणार नाही.

आपल्याकडची ही घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या पंक्तीत. तिला पकडणं हे कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडतं. ती घरी पाळायची परवानगी कोणालाही मिळत नाही. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. असं जनावर ताब्यात आलं तर 48 तासांत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवायचं असतं. तुमचे तीन महिने गेले. "आता सांगितलं तर वडिलांवर केस होईल का?" हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणार. मी कुणाच्या वतीने हमी देऊ शकत नाही. ते त्या अधिकाऱ्यावर आणि परिस्थितीवर अवलंबून राहील. माझा अनुभव एवढा, की जखमी जनावर स्वतःहून आणून देणाऱ्याशी आणि धाडीत सापडलेल्याशी वनविभाग सारखा वागत नाही. घोरपडीच्या मांसासाठी, तेलासाठी आणि 'हत्था जोडी'च्या (नराचं सुकवलेलं लिंग जादूची मुळी म्हणून विकायच्या) भोंदूगिरीसाठी तिची शिकार होते, तेव्हा त्यांचा संशय चुकीचा नसतो. तुम्ही कुत्र्यांपासून सोडवली, कधी, कुठल्या शेतात, काय लावलं, काय खाऊ घातलं, हे जसं घडलं तसं सांगा. मी वडिलांच्या जागी असतो तर उद्याच सांगितलं असतं. दर आठवड्याला ते सांगणं जास्त अवघड होईल आणि घोरपड जास्त खंगेल.

1926 हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं कार्यालयही चालेल. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे वन्यप्राण्यांवरच उपचार होतात. तुमच्या भागातून कुठे पाठवायचं ते वनविभागच ठरवेल.

सोडली तर जगेल का? आज सोडली तर नाही. गार अंग, रिकामं पोट, तोंडात दुखणं, त्यात बीळ शोधायची ताकद नाही. पहिल्याच रात्री कुत्र्याच्या नाहीतर कोल्ह्याच्या तोंडी जाईल. उपचार होऊन जखमा मिटल्या, वजन वाढलं, स्वतः भक्ष्य पकडायला लागली आणि माणूस बघून पुन्हा फुसकारायला लागली, तर होळीनंतर ऊन तापल्यावर तिला तिच्याच शिवारात सोडणं शक्य आहे. जबड्याचं हाड सडलं असेल किंवा मागचा पाय कामातून गेला असेल तर निर्णय वेगळा होईल, तो तिथले डॉक्टर घेतील. माझा अंदाज विचाराल तर शेपूट ही तिची सगळ्यात छोटी अडचण आहे आणि जबडा सगळ्यात मोठी.

वनविभागाची गाडी येईपर्यंतचं सांगतो. जाळीचा पिंजरा बदला. मोठी लाकडी पेटी किंवा हवेची भोकं पाडलेलं प्लास्टिकचं खोकं घ्या, खाली स्वच्छ कोरडं बारदान अंथरा. सकाळी ऊन चढल्यावर पेटी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत ठेवा, म्हणजे तापलं तर तिला सरकता येईल. टिनाचा ड्रम वापरू नका, आपल्याकडचं ऊन जानेवारीतही त्यात भाजून काढतं. रात्री घरात घ्या आणि पेटीच्या बाहेर एका बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावा. बल्ब आत टाकू नका, गारठलेली घोरपड त्याला चिकटून पडते आणि कातडी जळेस्तोवर हलत नाही. पसरट परातीत पाणी ठेवा. जखमा सलाईनने ओल्या करून वरचा कचरा अलगद काढा, मग पोव्हिडोन आयोडीनमध्ये फिकट पिवळा रंग येईस्तोवर पाणी मिसळून त्यात गॉझ भिजवून टिपा. खपली सोडवू नका. काखेत, कानाच्या भोकाशी गोचिड दिसले तर तसेच राहू द्या, रॉकेल लावू नका, ते नंतर काढता येतात. लेकरांना दूर ठेवा आणि पेटीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. चावली तर जखम भरपूर पाण्याने धुऊन दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

तुम्हालाच न्यायला सांगितलं तर पेटी झाकून, दुपारच्या उन्हात न्या. पहाटे मोटरसायकलवर पोत्यात घालून नेऊ नका. एवढ्या वाऱ्यात तिच्या अंगात उरलेली ऊबही जाईल. निघण्याआधी तिचं वजन करून लिहून घ्या आणि शेवटचं खाणं, शेवटची विष्ठा कधी, त्यातला पांढरा भाग पांढराच होता की हिरवट, हे त्याच कागदावर नोंदवा. उपचार करणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागेल.